ऑस्ट्रेलियातील डिझेल मालवाहू इंजिने: कार्यकाल, निवृत्ती आणि रुळांची मर्यादा

ऑस्ट्रेलियाच्या रेल्वेवर मालगाड्या ओढणाऱ्या डिझेल इंजिनांचा एकत्रित विचार करू लागल्यास एक विसंगती प्रथमदर्शनीच नजरेत भरते. न्यू साउथ वेल्स राज्यात १९५९ पासून दाखल होत गेलेल्या '४८ वर्गा'तील काही इंजिने पन्नाशी उलटून साठीच्या घरात जाईपर्यंत धान्याच्या गाड्या ओढत राहिली. उलट पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिल्बारा प्रदेशात १९९९ साली आणलेली आणि त्या काळी जगातील सर्वांत शक्तिशाली डिझेल इंजिनांत गणली जाणारी ६,००० अश्वशक्तीची इंजिने सुमारे दीड दशकातच कामातून बाद झाली. त्यामुळे इंजिनाची निवृत्ती वयावर ठरते हा सर्वसाधारण समज ऑस्ट्रेलियापुरता तरी टिकत नाही. ती नेमकी कशावर ठरते, निवृत्त इंजिनांचे पुढे काय होते आणि त्यांच्या जाण्याने कोणत्या मार्गांचे भवितव्य धोक्यात येते, या प्रश्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वाफेकडून डिझेलकडे

१९०१ साली ऑस्ट्रेलियाचे संघराज्य अस्तित्वात आले, त्याआधीच प्रत्येक वसाहतीने आपापली रेल्वे आपल्या पसंतीच्या मापाने घातलेली होती. न्यू साउथ वेल्सने दोन रुळांतील अंतर १,४३५ मिलिमीटर ठेवले, ज्याला प्रमाणमाप म्हटले जाते. व्हिक्टोरियाने आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या भागाने १,६०० मिलिमीटरचे रुंदमाप स्वीकारले. तर क्वीन्सलँड, टास्मानिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया यांनी खर्च वाचवण्यासाठी १,०६७ मिलिमीटरचे अरुंदमाप पसंत केले. या वारशामुळे डिझेलचे युग उजाडले तेव्हा संपूर्ण देशासाठी एकच इंजिन घडवणे शक्य नव्हते. प्रत्येक राज्याने स्वतःच्या मापाला, चढांना आणि रुळांच्या ताकदीला साजेशी इंजिने मागवली आणि त्यातून वर्गांची जी गर्दी झाली, तिचे परिणाम आजच्या निवृत्तीच्या वेळापत्रकातही दिसतात.

सार्वजनिक रेल्वेच्या मुख्य मार्गांवर डिझेल-विद्युत इंजिने प्रथम आणण्याचा मान टास्मानियाकडे जातो. तेथे १९५० पासून इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीची ६६० अश्वशक्तीची 'एक्स वर्गा'ची ३२ इंजिने दाखल झाली. डिझेल-विद्युत इंजिनात डिझेल यंत्र चाकांना थेट फिरवत नाही. ते जनित्र फिरवते, जनित्रातून निघालेली वीज आसांवर बसवलेल्या कर्षण मोटारींना मिळते आणि त्या मोटारी चाके फिरवतात. या रचनेमुळे थांबलेल्या जड गाडीलाही सुरुवातीलाच पूर्ण ओढ मिळते, शिवाय अनेक इंजिने एकमेकांना तारांनी जोडून एकाच चालकाच्या हाती देता येतात.

डिझेलची गरज सर्वांत निकडीची होती ती १९१७ साली पूर्ण झालेल्या पोर्ट ऑगस्टा–कॅलगुर्ली या आंतरखंडीय मार्गावर. नलारबोरच्या वैराण पठारावर हा मार्ग ४७८ किलोमीटर एका सरळ रेषेत जातो आणि त्याच्या वाटेत एकही बारमाही नदी लागत नाही. विंधन विहिरींचे पाणी क्षारयुक्त असल्याने वाफेच्या इंजिनांच्या बाष्पकांत थर साचत, नळ्या गळत आणि गोड्या पाण्याच्या टाक्या गाडीबरोबरच वाहून न्याव्या लागत. संघराज्याच्या मालकीच्या कॉमनवेल्थ रेल्वेजने १९५१ साली सिडनीतील ग्रॅनव्हिल येथील क्लाइड इंजिनिअरिंगने बांधलेली 'जीएम वर्गा'ची इंजिने आणली, तेव्हा हा सगळा व्याप एकाच फटक्यात संपला. पहिल्या इंजिनाला तत्कालीन पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस यांचे नाव देण्यात आले. पुढील दीड दशकात या वर्गाची एकूण ४७ इंजिने बांधली गेली.

प्रत्येक प्रयोग असा यशस्वी ठरला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९५४ पासून आणलेल्या ४८ इंजिनांत ब्रिटनच्या क्रॉसली कंपनीचे द्विघाती डिझेल यंत्र बसवलेले होते. हलक्या रुळांसाठी इंजिनाचे वजन अनेक आसांवर विभागण्याची त्यांची कल्पना योग्य होती, तथापि यंत्राची कंपने, तेलगळती आणि वारंवारचे बिघाड यांमुळे ती बदनाम झाली. अरुंदमापी रुळांना पेलेल आणि तरीही भरवशाचे राहील असे इंजिन घडवणे किती अवघड आहे, याचा हा पहिला धडा होता.

तीन घराणी आणि त्यांचे सुटे भाग

१९५० ते १९८० या काळात ऑस्ट्रेलियातील बहुसंख्य मालवाहू इंजिने तीन घराण्यांत मोडत होती. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाची, म्हणजे ईएमडीची, इंजिने क्लाइड बांधत असे. अमेरिकेच्या अल्को कंपनीची रचना सिडनीतील ए. ई. गुडविन या कारखान्याकडे होती. आणि इंग्लिश इलेक्ट्रिकने ब्रिस्बेनजवळ रॉकली येथे स्वतःचा कारखाना काढून मुख्यतः क्वीन्सलँडची गरज भागवली. यांपैकी अल्कोने १९६९ मध्ये इंजिनबांधणी थांबवली, गुडविनही लवकरच आर्थिक अडचणीत येऊन बंद पडला आणि ऑस्ट्रेलियातील अल्को परवाना कॉमेंग या कंपनीकडे गेला. कॉमेंगने न्यू साउथ वेल्ससाठी १९७८ ते १९८३ दरम्यान '८० वर्गा'ची ५० इंजिने बांधली. तोपर्यंत मूळ कंपनीच उरलेली नव्हती.

मराठी वाचकाला या घराण्यांची ओळख अगदीच परकी वाटू नये. न्यू साउथ वेल्सच्या '४४ वर्गा'ची १०० इंजिने आणि भारतीय रेल्वेने १९५०च्या दशकाच्या अखेरीस आयात केलेली 'डब्ल्यूडीएम-१' वर्गाची १०० इंजिने अल्कोच्या एकाच 'डीएल ५००' मालिकेतील भावंडे होती. अल्कोचे '२५१' हे डिझेल यंत्र ऑस्ट्रेलियात गुडविनने वापरले आणि भारतात वाराणसीच्या कारखान्याने ते अनेक दशके बनवले. पुढच्या पिढीतही न्यू साउथ वेल्सचा '९० वर्ग' आणि भारताचा 'डब्ल्यूडीजी-४' हे दोन्ही ईएमडीच्या 'जीटी ४६' मालिकेतून निघाले.

घराण्याचा आणि आयुर्मानाचा संबंध किती निकटचा आहे, हे ईएमडीच्या डिझेल यंत्राचा एक भाग जवळून पाहिल्यास स्पष्ट होते. या यंत्रांची नावे प्रत्येक सिलिंडरच्या घन इंचांतील आकारमानावरून पडली आहेत: १९५०च्या दशकात '५६७', १९६०च्या मध्यापासून '६४५' आणि १९८०च्या दशकात '७१०'. सिलिंडरचे अस्तर, दट्ट्या, दांडा आणि वरचे झाकण हा एक सुटा संच असतो. एखाद्या सिलिंडरमध्ये बिघाड झाला तर संपूर्ण यंत्र न उतरवता तेवढाच संच यारीने उचलून दुसरा बसवता येतो. '५६७'च्या सिलिंडरचा व्यास सुमारे २१६ मिलिमीटर आणि '६४५'चा सुमारे २३० मिलिमीटर असला, तरी दोहोंत दट्ट्याचा प्रवास २५४ मिलिमीटर इतकाच असल्याने '६४५'चे संच जुन्या '५६७' यंत्राच्या नंतरच्या सांगाड्यांतही बसू शकतात. '७१०'मध्ये मात्र हा प्रवास वाढवून सुमारे २७९ मिलिमीटर केल्यामुळे ती सोय संपली. १९५० आणि १९६०च्या दशकांतील क्लाइडची इंजिने एकविसाव्या शतकातही लहान कंपन्यांच्या मालगाड्यांवर दिसतात, त्यामागे जुन्याविषयीच्या ममतेपेक्षा हे २५४ मिलिमीटर अधिक कारणीभूत आहेत. ज्या इंग्लिश इलेक्ट्रिक किंवा क्रॉसली यंत्रांचे असे वारसदार निर्माण झाले नाहीत, ती यंत्रे सुट्या भागांचा साठा आटताच बाद झाली.

खासगीकरण आणि नवी पिढी

१९९०चे दशक हे या इतिहासातील खरे वळण होय. राज्याराज्यांत विभागलेली आंतरराज्यीय मालवाहतूक एका छत्राखाली आणण्यासाठी नॅशनल रेल ही कंपनी १९९१ साली स्थापन झाली. १९९५ मध्ये मेलबर्न–अ‍ॅडलेड मार्ग प्रमाणमापी झाला आणि ब्रिस्बेनपासून पर्थपर्यंत सर्व मुख्य राजधान्या एका मापाने जोडल्या गेल्या. पाठोपाठ नॅशनल रेलने गोनिनन कंपनीकडून जनरल इलेक्ट्रिकच्या, म्हणजे जीईच्या, रचनेची ४,००० अश्वशक्तीची 'एनआर वर्गा'ची १२० इंजिने १९९६ ते १९९८ या अल्पावधीत मिळवली. राज्याच्या सीमेवर इंजिन बदलण्याची पद्धत त्यामुळे मोडीत निघाली आणि राज्यांकडून उसनवारीने आलेली अनेक जुनी इंजिने एकाच वेळी निरुपयोगी ठरली.

त्यानंतर मालकीही बदलली. ऑस्ट्रेलियन नॅशनल ही संघराज्याची रेल्वे १९९७ साली विकली गेली, व्हिक्टोरियाची मालवाहतूक १९९९ साली खासगी झाली, नॅशनल रेल आणि न्यू साउथ वेल्सची फ्रेटकॉर्प यांच्या विक्रीतून २००२ साली पॅसिफिक नॅशनल उभी राहिली आणि क्वीन्सलँडची मालवाहतूक २०१० साली भागबाजारात येऊन पुढे ऑरायझन या नावाने ओळखली जाऊ लागली. रूळ सामायिक आणि गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, अशी व्यवस्था रूढ झाल्यावर लहान कंपन्यांना इंजिनांची गरज भासू लागली. नवी विकत घेण्याइतके भांडवल त्यांच्यापाशी नसल्याने मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेली इंजिने दुरुस्त करून वापरण्याचा आणि भाड्याने देण्याचा व्यवसाय फोफावला. खासगीकरणाने एकीकडे निवृत्तीला वेग दिला, तर दुसरीकडे निवृत्तांना दुसरे आयुष्य मिळवून दिले.

या काळातील तांत्रिक फरक म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या कर्षण मोटारी. एकदिश प्रवाहाच्या जुन्या मोटारी जड गाडी चढावर मंद वेगाने ओढताना तापून जळण्याचा धोका असे; नव्या मोटारींत तो फार कमी झाला आणि चाक रुळावर घसरण्यापूर्वीच ओढ नियंत्रित करणे शक्य झाले. परिणामी न्यूकॅसल या जगातील सर्वांत मोठ्या कोळसा-निर्यात बंदराकडे येणाऱ्या हंटर खोऱ्यातील गाड्यांना कमी इंजिने पुरू लागली. क्वीन्सलँडने मात्र १९८६ पासूनच मध्य भागातील कोळसामार्गांचे विद्युतीकरण करून तेथील डिझेल इंजिनांना अन्यत्र धाडले होते. तरीही डिझेलची खरेदी थांबली नाही. भारतीय वाचकांना परिचित असलेल्या अदानी समूहाच्या कारमायकल खाणीसाठी घातलेला सुमारे २०० किलोमीटरचा अरुंदमापी मार्ग २०२१च्या अखेरीस सुरू झाला, तो नव्या डिझेल इंजिनांवरच.

पिल्बारा: वेगळेच गणित

पिल्बारातील लोहखनिजाचे मार्ग खाणकंपन्यांच्या मालकीचे आहेत. येथे खनिजाच्या वाघिणींचा आसभार, म्हणजे चाकांच्या एका जोडीमागे रुळावर येणारे वजन, ३५ ते ४० टनांपर्यंत जातो. देशाच्या इतर मुख्य मार्गांवर तो साधारणतः २० ते ३० टनांच्या दरम्यान असतो. २१ जून २००१ रोजी बीएचपी कंपनीने आठ इंजिने आणि ६८२ वाघिणी असलेली ७.३५३ किलोमीटर लांबीची, ९९,७३२ टन वजनाची गाडी पोर्ट हेडलँडकडे चालवून जागतिक विक्रम केला. गाडीभर विखुरलेली आठही इंजिने रेडिओ-संदेशांद्वारे एकाच चालकाच्या नियंत्रणाखाली होती.

लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेली अल्पायुषी इंजिने याच विक्रमी गाडीवर होती. त्यांची संख्या अवघी आठ, त्यांचे डिझेल यंत्र जगभर त्रासदायक ठरलेले आणि बीएचपीचे धोरण एकाच प्रकारच्या इंजिनांचा ताफा उभारण्याचे. अशा स्थितीत ती टिकणे कठीणच होते. पिल्बारात उन्हाळी तापमान ४५ अंशांच्या वर जाते, लाल धूळ गाळण्यांत घुसते आणि इंजिनांना विश्रांती अशी मिळतच नाही. खनिजाचे एक दिवसाचे नुकसान इंजिनाच्या किमतीपेक्षा महाग पडत असल्याने येथे इंजिन मोडेपर्यंत वापरण्यापेक्षा मोडण्यापूर्वी बदलणे परवडते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस येथील अनेक अल्को इंजिनांचे सांगाडे कायम ठेवून त्यांत जीईची यंत्रे आणि हवा थंड ठेवणारे नवे चालककक्ष बसवण्यात आले, तीही एक प्रकारची निवृत्तीच होती. २०१८ साली रिओ टिंटो या खाणकंपनीने चालकाविना गाड्या चालवण्यास सुरुवात केली आणि पिल्बारातील गाड्यांवर सुमारे १,५०० किलोमीटरवरील पर्थमधून देखरेख होऊ लागली. या व्यवस्थेत न बसणाऱ्या इंजिनाला तेथे स्थानच उरले नाही.

हलके रूळ आणि दीर्घायुष्य

याच्या दुसऱ्या टोकाला आग्नेय ऑस्ट्रेलियातील धान्याचे शाखामार्ग आहेत. हे मार्ग स्वस्तात घातलेले, रूळ हलके, पूल जुने आणि काम हंगामी. गहू-जवाची कापणी झाली की काही महिने गाड्यांची रीघ लागते आणि दुष्काळाच्या वर्षी रूळ गंजत पडतात. '४८ वर्गा'चे इंजिन सुमारे ७५ टनांचे असून त्याचा आसभार साडेबारा टनांच्या आसपास येतो, तर १३२ टनांच्या 'एनआर वर्गा'चा आसभार २२ टन होतो. त्यामुळे कित्येक शाखामार्गांवर नवे इंजिन फुकट मिळाले तरी चालवता येत नाही. शिवाय या वर्गाची १६५ इंजिने बांधली गेल्याने एकाला जगवण्यासाठी दुसऱ्याचे भाग काढता येतात आणि वर्षातून मोजके महिनेच काम असल्याने इंजिनाची झीजही मर्यादित राहते. याउलट याच घराण्यातील, वयाने दोन दशकांनी लहान आणि दुप्पट शक्तीची '८० वर्गा'ची इंजिने मुख्य मार्गांवर नव्या इंजिनांशी स्पर्धा करता करता आधीच बाजूला पडली. जुन्या इंजिनाचे दीर्घायुष्य हे त्याच्या श्रेष्ठतेचे प्रमाणपत्र नसून त्याला पर्याय न मिळाल्याची पावती आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या '८३० वर्गा'चे उदाहरण याहून बोलके आहे. '४८ वर्गा'चे हे सख्खे भावंड चाकगाडे, म्हणजे बोगी, बदलून तिन्ही मापांवर चालवता येत असे आणि म्हणूनच रुंदमापी मार्ग प्रमाणमापी होत गेले तरी त्याचे काम टिकले. आयर द्वीपकल्पावरील अलग पडलेल्या अरुंदमापी मार्गांवर १९०७ पासून रेल्वे होती आणि शेवटच्या काळात तेथील धान्य पोर्ट लिंकन बंदरापर्यंत नेण्याचे काम अशाच जुन्या इंजिनांकडे होते. ३१ मे २०१९ रोजी ही वाहतूक थांबली आणि धान्य ट्रकांनी जाऊ लागले.

आसभार आणि सुटे भाग यांखेरीज निवृत्ती घडवणारी आणखी दोन कारणे अलीकडे बळावली आहेत. पहिले म्हणजे चालककक्ष: गोंगाट, उष्णता, अपघातात न टिकणारी बांधणी आणि जुन्या आवरणांतील अ‍ॅस्बेस्टॉस हे आज मान्य होत नाही, आणि नव्या संपर्क व गाडीनियंत्रण यंत्रणा प्रत्येक जुन्या इंजिनात बसवण्याचा खर्च त्याच्या बाजारभावाच्या तुलनेत डोईजड होतो. दुसरे म्हणजे धूर. अमेरिकेप्रमाणे इंजिनांच्या उत्सर्जनाला टप्प्याटप्प्याने कडक होत जाणाऱ्या राष्ट्रीय मर्यादा ऑस्ट्रेलियाने घातल्या नाहीत. त्यामुळे जुन्या यंत्रांना दीर्घकाळ सूट मिळाली, मात्र कोळसामार्गांलगतच्या वस्त्यांचा विरोध आणि ग्राहक कंपन्यांची कार्बनविषयक उद्दिष्टे यांमुळे ती सूट आतून पोखरली जात आहे.

निवृत्तीनंतर

सेवेतून काढलेले इंजिन लगेच भंगारात जात नाही. प्रथम ते यार्डातील बाजूच्या रुळावर 'साठवणीत' उभे केले जाते. हंगाम चांगला आला तर परत बोलावले जाते, न आल्यास त्याच्या मोटारी, संपीडक आणि चाके इतरांसाठी काढली जातात आणि उरलेला सांगाडा पोलादाच्या भावाने विकला जातो. काहींना परदेशी वाट मिळाली. क्वीन्सलँडची '१४६० वर्गा'ची अरुंदमापी इंजिने १९९०च्या दशकात न्यूझीलंडने घेतली, त्यांतील काहींची पुनर्बांधणी झाली आणि त्यांपैकी काही पुन्हा समुद्र ओलांडून टास्मानियात कामाला लागली. न्यू साउथ वेल्समधील थर्लमेअर, व्हिक्टोरियातील सेमूर आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट अ‍ॅडलेड येथील संग्रहांत अनेक वर्गांची इंजिने जतन झाली आहेत. जतन झालेली काही इंजिने गरज पडेल तेव्हा भाड्याने मालगाड्याही ओढतात, हे ऑस्ट्रेलियाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. तरीही जतनाचा कल दर्शनी, वळणदार नाकाच्या इंजिनांकडे अधिक आहे. यार्डात आयुष्य काढलेल्या साध्या इंजिनांकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे.

डिझेलनंतर काय

डिझेलला पर्याय म्हणून सर्वाधिक चर्चा विजेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनांची आहे आणि तिचा प्रारंभ पिल्बारात होणे स्वाभाविक आहे, कारण भरलेली गाडी उंचावरील खाणीतून उताराने बंदराकडे येते आणि ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज साठवता येते. रॉय हिल कंपनीसाठी बांधलेले ७ मेगावॅट-तास क्षमतेचे असे इंजिन ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत सादर करण्यात आले. मात्र नलारबोरसारख्या सपाट आणि लांब मार्गावर उताराची ही मदत नाही, वाटेत वीजपुरवठ्याची सोय नाही आणि १,८०० मीटर लांबीच्या गाडीला दोन हजार किलोमीटर नेण्यासाठी लागणाऱ्या विजेऱ्यांचे वजनच गाडीवर भार होऊन बसेल. त्या मार्गांवर डिझेल अथवा त्याला जोड देणारी जैवइंधने आणि विजेऱ्यांचे सहडबे हाच नजीकचा मार्ग दिसतो. धान्याच्या हलक्या शाखामार्गांसाठी मात्र विजेऱ्यांचा पर्याय उपयोगी नाही, कारण विजेऱ्यांचे इंजिन डिझेलपेक्षाही जड असते.

अशा मार्गांवर काहीच करता येत नाही, असेही नाही. टास्मानियाची रेल्वे खासगी हातांत खिळखिळी झाल्यावर २००९ साली पुन्हा सरकारी मालकीत आली. तिने रूळ सुधारले आणि २०१३–१४ मध्ये अरुंदमापासाठी खास बांधलेली 'टीआर वर्गा'ची १७ नवी इंजिने आणून अनेक दशकांची जुनी इंजिने एकदमच मोकळी केली. व्हिक्टोरियात मरे खोऱ्यातील धान्यमार्ग प्रमाणमापी आणि मजबूत करण्याचा प्रकल्प मात्र मूळ आराखड्याप्रमाणे तडीस गेला नाही. दोन्ही उदाहरणांतून एकच निष्कर्ष निघतो: मुख्य मार्गांवर आणि पिल्बारात बाजार स्वतःहून नवी इंजिने आणतो, शाखामार्गांवर ती आणण्यासाठी आधी रूळ आणि पूल यांवर सार्वजनिक पैसा खर्च करावा लागतो. तो झाला नाही, तर उरलीसुरली हलकी इंजिने संपताच ते मार्गही संपतील आणि त्यांचे धान्य आयर द्वीपकल्पाप्रमाणे रस्त्यावर येईल. म्हणून ऑस्ट्रेलियात जुन्या इंजिनांच्या निवृत्तीचे नियोजन हे इंजिनांच्या खरेदीपासून नव्हे, रुळांच्या दुरुस्तीपासून सुरू झाले पाहिजे.